खवले मांजराची साक्ष

पुण्याहून इंदापूरकडच्या कळसला जायला महामार्ग सरळ पडतो. मी मात्र सासवड, जेजुरी, नीरा, बारामती असा गेलो, कारण बारामतीत एका माणसाला बरोबर घ्यायचे होते. हिवाळा होता, उसाचा हंगाम सुरू होता, टेम्पोच्या हौद्यात ताडपत्रीखाली सागवानी तुळईचा एक तुकडा होता आणि मी भांडायला निघालो होतो. भांडायला निघालेल्या माणसालाही रस्ता तोच लागतो आणि खायला तेच मिळते, तेव्हा याला प्रवासवर्णन म्हणायला हरकत नसावी. शिवाय रस्ते मी अचूक सांगतो. धंद्यात माझी तेवढी ख्याती आहे.

माझा धंदा जुन्या लाकडाचा. पाडलेली घरे, गोदामे, बंद पडलेली गुऱ्हाळे (उसाचा गूळ करण्याच्या जागा) यांच्या तुळया आणि खांब मी विकत घेतो आणि पुण्यात विकतो. सुरुवात दुसऱ्याची हातगाडी ओढून केली. आज वखार स्वतःची आहे.

उन्हाळ्यात कळसच्या किसनतात्यांचे गुऱ्हाळ मी उतरवून घेतले. सौदा रुमालाखाली झाला. बैलबाजारात ही पद्धत आहे: घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबून भाव ठरवतात आणि भोवती जमलेल्यांना काही कळत नाही. तात्या बैलबाजारात मुरलेले, त्यांना तोंडाने भाव बोलणे हलकेपणाचे वाटते. मी प्रत्येक तुळई ठोकून पाहिली. भरीव वाजली. पुण्यात एका हॉटेलवाल्याने त्या छताला घेतल्या. माणसे उचलू लागली आणि त्यातली एक सर्वांसमोर खारी बिस्किटासारखी तुटली. आत वाळवी आणि पांढरी माती. वाळवी लाकडाची वरची साल तशीच ठेवते आणि आतून खाते, त्यामुळे तुळई शेवटपर्यंत तुळईसारखीच दिसते.

मी तिथूनच तात्यांना फोन लावला.

"आमच्याकडं वाळवी न्हाय," तात्या म्हणाले. "तुमच्या वखारीत लागली आसंल." आणि फोन ठेवला.

नुकसान मी सोसले असते. पण हे वाक्य दुसऱ्या दिवशी पुण्याच्या लाकूडबाजारात पोचले. वखारीत वाळवी आहे असे म्हणणे म्हणजे दूधवाल्याच्या घागरीत पाल सापडली असे म्हणणे. जुनी गिऱ्हाइके फाटकाबाहेरून नमस्कार करून पुढे जाऊ लागली. एक सुतार, ज्याला मी धंद्याला लावले, तो माझ्यादेखत माझ्या तुळया ठोकून पाहू लागला. वाक्य पोचवणारा होता बारामतीचा दलाल, नाना. नाना जे ऐकतो ते बाजार ऐकतो. म्हणून मला एवढेच हवे होते: वाळवी कळसची होती, हे तात्यांनी नानासमोर कबूल करावे. नानाला मी त्यासाठीच बरोबर घेणार होतो.

जेजुरीच्या पुढे चहा घेतला. तो चहा होता, याहून जास्त त्याच्याबद्दल सांगता येत नाही. नीरेनंतर कालव्याचे पाणी आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. वडगाव निंबाळकरला दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरमागे अडकलो. ट्रॉल्यांतला ऊस रस्त्याच्या दोन्ही कडांपर्यंत पसरला होता. मी हॉर्नवरून हात काढला नाही. शेवटी ट्रॅक्टर थांबला आणि चालक उतरून माझ्या खिडकीशी आला.

"घाई हाय का?"

"आहे."

"मग काल निघायचं हुतं."

त्याने ट्रॉलीतला एक ऊस उपसून माझ्या मांडीवर ठेवला. "खात बसा. म्होरं वळणावर बाजूला घेतो." वळण बरेच लांब होते. रागात ऊस सोलू नये. सालीने माझा ओठ कापला आणि बारामतीपर्यंत मला धड शिवीही देता येईना.

नाना एसटी स्टँडबाहेर उभा होता. पांढरा सदरा, खिशात दोन मोबाइल. त्याच्याकडे विकायला स्वतःचे काही नसते, त्यामुळे तो सगळेच विकतो: जमीन, म्हशी, लाकूड, जुन्या मोटारी. चढण्याआधी त्याने ताडपत्री उचलली, तुळईच्या तुकड्यावर टिचकी मारली आणि कान लावला.

"लई ग्वाड वाजतंय की, शेट. भजनी मंडळाला द्या."

मी ताडपत्री ओढून घेतली. ओठ दुखत होता.

पिंपळीत बाभळीच्या काट्याने पुढचे चाक बसले. पंक्चरवाला चाक खोलत असताना नाना हौद्याशी जाऊन तुळईच्या पोकळीत डोकावून पाहू लागला. बोटाने त्यातली माती काढून त्याने चोळून पाहिली.

"जबर वाळवी हाय. अशा ठिकाणी ते जनावर आसायलाच पायजे."

"कोणते?"

"खवल्या मांजर. अंगभर खवलं, माशावानी. वाळवी आन् मुंग्या, तिसरं काय तोंडात घालीत न्हाय."

"मांजर?"

"नाव मांजर. म्याव न्हाय करत." त्याने आवाज उतरवला. "एक पार्टी हाय. त्याच्या खवल्यास्नी म्हणंल ती किंमत देती. लांब कुठं औषधाला जात्यात म्हणं. तात्याच्या माळावर हाय अशी बातमी हाय, पर तात्या ताकास तूर लागू देत न्हाय. तुमी वर जाल तवा नजर ठेवा. उकरल्यालं वारूळ दिसलं की समजायचं. जागा मला सांगा. वाळवी तात्याचीच, शेटची वखार सोन्यावानी, आसं उद्याच्याला समद्या बाजारात करतो."

खवल्यांशी मला कर्तव्य नव्हते. माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होते. जनावर जर वाळवी आणि मुंग्या सोडून दुसरे काही खात नसेल, तर ते जिथे राहते तिथे त्यांचा सुकाळ असला पाहिजे. वाण्याचे दुकान नसलेल्या गावात कोणी बिऱ्हाड करत नाही. म्हणजे तात्यांच्या जमिनीवर माझा एक साक्षीदार राहत होता. मी पंक्चरवाल्याशी घासाघीस केली नाही. त्यावरून माझी मनःस्थिती ओळखीच्यांना कळेल.

बारामतीकडचा हिरवा पट्टा मागे पडला की इंदापूरकडे अधूनमधून माळ लागतात. कळसच्या बाजूला पिवळे गुडघाभर गवत, पांढरा मुरूम, खुरट्या बाभळी आणि लांबवर मेंढ्या. माझी नजर मुरमावर होती. तुळईतल्या मातीचा रंग तोच होता.

गावात शिरल्यावर लिंबाखाली चहाचे दुकान आहे. किसनतात्या तिथेच बसले होते. उंच माणूस, मिशा पांढऱ्या, खांद्यावर तोच रुमाल. मी तुळईचा तुकडा उतरवून त्यांच्या पायाशी ठेवला. दुकानातली माणसे चहा घेऊन जवळ सरकली.

"तात्या, ही तुळई तुमची."

"व्हती. आता तुमची."

"आत पांढरी माती आहे. माझ्या वखारीत सगळीकडे फरशी आहे."

"पुण्यात माती न्हाय व्हय? मग कुंड्यात काय भरता, साखर?"

माणसे हसली. नाना सगळ्यांत मोठ्याने हसला. मी आवाज चढवला. माझा आवाज हातगाडीच्या दिवसांपासूनचा आहे, त्याला रस्ता मोकळा करायची सवय आहे. लिंबावरचे कावळे उडाले. तात्यांनी शांतपणे कप खाली ठेवला.

"आदी जेवा," ते म्हणाले. "उपाशी माणसाशी मी भांडत न्हाय. पाप लागतं."

भांडायला आलेल्याला आधी जेवायला घालायचे, ही त्या घराची रीत दिसली. बाजरीची भाकरी, शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची वळकटी करून रश्शात शिजवतात), कांदा आणि मिरचीचा ठेचा. ठेचा कापलेल्या ओठाला लागला आणि मी बराच वेळ नुसता श्वास घेत राहिलो. शेंगोळी मात्र उत्तम होती. ती खाऊन झाल्यावर पूर्वीच्या पट्टीत ओरडता येत नाही. या रीतीमागे तोच हेतू असावा.

"लाकडे उतरवल्यावर कुठे रचली होती, ती जागा दाखवा," मी म्हणालो.

"चला. पर एकटे." तात्यांनी नानाकडे पाहिलेही नाही. "ह्यानं माज्या बांधावर पाय ठिवायचा न्हाय."

"ऱ्हाऊ द्या की तात्या," नाना म्हणाला, "मी हितंच लिंबाखाली बसतो. शेट, नीट बगून या." आणि त्याने मला डोळा मारला.

गुऱ्हाळाची जागा गावापासून मावळतीला, ओढ्याच्या काठी आहे. चुलवणाचा (रस कढवण्याच्या भट्टीचा) खड्डा तेवढा राहिला आहे. लाकडे रचल्याची जागा झाडून काढल्यासारखी स्वच्छ होती. वारूळ नाही, वाळवीचे मातीचे नळ नाहीत. तात्या हाताची घडी घालून उभे राहिले. मी आजूबाजूला शोधू लागलो. विकणारा दाखवतो ती बाजू मी कधीच पाहत नाही, दुसरी पाहतो. ओढ्याच्या पलीकडे बाभळींच्या जाळीमागे गेलो आणि तिथे ते होते.

वारूळ माझ्या कमरेएवढे होते आणि एका बाजूने फाडलेले होते. टिकावाने फोडावे तसे, पण टिकावाचे घाव रुंद असतात. इथे जवळजवळ ओढलेल्या खोल रेघा होत्या. उकरलेली माती अजून ओलसर होती आणि पांढऱ्या वाळवीची धांदल चालली होती. थोड्या अंतरावर उतारात एक बीळ होते, त्याचे तोंड आतून मातीने लिंपून बंद केलेले.

"तात्या!" मी ओरडलो. "हे काय आहे?"

ते सावकाश आले. "डुकरानं उकरलंय."

"आणि वारूळ कोणी बांधले? डुकरानेच?"

"वारूळ हाय. वाळवी न्हाय त्यात."

"मग आत कोण राहते?"

"नागोबा."

यानंतर मी जे बोललो ते छापण्यासारखे नाही आणि मोठ्या आवाजात होते. ते ऐकूनच तात्यांची सून आली. सुवर्णा नाव, गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेतून घरी येऊन थेट माळावर आली असावी, खांद्याची पिशवी तशीच होती.

"तात्या, ह्यांचा आवाज बारामतीला पोचेल," ती म्हणाली. "त्यापेक्षा सांगून टाका."

"तू गप."

"मग मी सांगते. काका, वाळवी इथलीच आहे. तुमची तुळई इथंच खराब झाली. उतरवल्यावर पावसाळाभर जमिनीवर पडून होती, तेव्हा."

मला इतके दिवस हे वाक्य हवे होते. ते मिळाले आणि ऐकायला तिथे कोणी नव्हते.

"मग मला खोटे का सांगितलेत?" मी तात्यांना विचारले.

तात्यांनी रुमालाने तोंड पुसले. "तुमी फोन केला तवा नाना माज्या शेजारी बसला हुता. त्यानं तेच इचारायला खेटा घातला हुता. तुमच्याकडं वाळवी लई हाय का, वारुळं उकरल्याली दिसत्यात का. मी न्हाय न्हाय म्हणत हुतो. आन् तुमचा फोन आला, वाळवी, वाळवी. तुमचा आवाज फोनच्या भाईर ऐकू येतो."

"वर्षभर ते सगळ्यांना हेच सांगतायत," सुवर्णा म्हणाली. "वाळवी आहे म्हटलं की लोक ते जनावर शोधत येतात. म्हणून वाळवीच नाही."

माझा राग कमी झाला असे नाही. तो कुठे ठेवावा, हे कळेना.

ऊन उतरत होते. सुवर्णाने मला एका खडकामागे वाऱ्याच्या उलट बाजूला बसवले. त्या जनावराची नजर मंद असते, पण नाक तीक्ष्ण, असे म्हणाली. बसल्या बसल्या मी तिला मालाबद्दल विचारतो तसे जनावराबद्दल विचारले.

"दात किती?"

"एकही नाही."

"मग खाते कसे?"

"जिभेनं. शरीराच्या मानानं फार लांब जीभ असते, चिकट. तिचं मूळ तोंडात नसतं, छातीच्या खालपर्यंत आत गेलेलं असतं. वारुळात जीभ घालायची, वाळवी चिकटली की आत ओढायची. चावायचं काम पोटात होतं. थोडी वाळू, खडे पोटात जातात, ते जात्यासारखे दळतात."

"वाळवी नाकात, कानात जात नाही?"

"खाताना नाक, कान बंद करून घेतं."

"खवले कशाचे? एवढी किंमत कशाची?"

तिने आपला हात माझ्यापुढे धरला. "ह्याचे. नखाचे. तुमच्याआमच्या नखात जे असतं तेच. औषध म्हणून त्यात काहीही नाही."

मी माझ्या नखांकडे पाहिले. मी आयुष्यात बराच निरुपयोगी माल पाहिला आहे आणि त्यातला काही विकलाही आहे, पण लोक नखांसाठी जीव घेतात, हा व्यापार माझ्या डोक्यात शिरला नाही.

"अंगावर खवले असलेला सस्तन प्राणी हा एवढाच," ती म्हणाली. "पिल्लाला दूध पाजतो. मांजर नाही, पण नात्यानं कुत्र्यामांजरांच्या बाजूचाच. एका वेळी बहुतेक एकच पिल्लू. म्हणून एक गेलं तर लवकर भरून येत नाही. धरणं, विकणं गुन्हा आहे. वनखात्याला मी कळवलंय, त्यांचा माणूस येऊन जातो. पण रोज माळावर कोण बसणार? तात्या बसतात."

तात्यांनी ऐकले नसल्यासारखे केले.

सूर्य टेकला तेव्हा बिळाचे तोंड हलले. माती आतून ढकलली गेली. आधी निमुळते तोंड आले, मग बाकीचे. पाठीपासून शेपटीच्या टोकापर्यंत कौले घातल्यासारखे खवले, मातीच्याच रंगाचे. पुढच्या पायांची नखे आत मुडपून ते चालत होते, मुठींवर चालल्यासारखे. मधेच मागच्या दोन पायांवर उभे राहून, शेपटीचा तोल घेत, हवेचा वास घेतला. एखादा वृद्ध सावकार अंगणात येऊन हवा पाहतो, तसे. शेपटीच्या बुंध्यावर एक पिल्लू आडवे चिकटून बसले होते. त्याचे खवले फिकट होते. ते मागे वळूनही पाहत नव्हते, सगळा व्यवहार आईवर सोपवलेला.

वारुळाशी जाऊन तिने उकरायला सुरुवात केली. माती मागे उडू लागली. मला नीट दिसेना म्हणून मी उठलो आणि माझ्या पायाखालचा दगड सुटला.

ती जागच्या जागी वळली, पिल्लाला पोटाशी घेतले आणि मिटली. डोके, पाय, पिल्लू सगळे आत, वरून शेपटीचा वेढा. मिटण्यापूर्वी ना फुत्कार, ना दात, ना धाव. माझ्यासमोर एक खवल्यांचा गोळा पडला होता. मी जवळ गेलो आणि सवयीने मूठ पुढे केली.

"ठोकू नका," सुवर्णा म्हणाली. "तुळई नाही ती."

मी मूठ मागे घेतली.

"वाघालासुद्धा हे उघडायला जड जातं," ती म्हणाली. "माणसाला जात नाही. माणूस सरळ उचलून पोत्यात घालतो. पळत नाही, चावत नाही. मिटलं की आपण वाचलो, एवढंच त्याला ठाऊक."

आम्ही मागे सरकलो आणि ओढा ओलांडला. परत येताना मी मनात सौदा मांडत होतो. नानाला जागा सांगितली की माझी वखार सोन्यासारखी. जागा न सांगता नुसते "वारूळ सापडले" म्हटले तरी नाना ते रात्रीत शोधणार. तात्यांच्या तोंडून नानासमोर कबुली घेतली तरी तेच. कुठल्याही बाजूने वाळवी कळसची ठरली की नाना माळावर आला.

गावाजवळ तात्या थांबले.

"शेट, तुमी खोटं बोलत न्हाय ते मला म्हाईत हाय. सांगायचं तर सांगा. मी न्हाय म्हणणार न्हाय. माज्यामुळं तुमचं नाव गेलंय."

हा माणूस बैलबाजारातला. गिऱ्हाइकाला मोकळे सोडले की ते अडकते, हे त्याला पुरते माहीत असणार. तरीही मला त्याचा राग येईना, आणि त्याचाच मला राग आला.

लिंबाखाली दिवा लागला होता. नाना उठून दोन पावले पुढे आला. त्याच्या मागे दुकानातली माणसे.

"काय शेट? सापडलं वारूळ?"

प्रश्न वाळवीचा असायला हवा होता. गिऱ्हाईक मला लांबून ओळखू येते. भाव विचारण्याआधी त्याची नजर मालाकडे जाते. नानाची नजर माझ्या चपलांना लागलेल्या मातीकडे होती.

"नाही," मी म्हणालो. "सगळा माळ पाहिला. वाळवी नाही."

"मग तुळईत कुठनं आली?"

मी तुळईच्या तुकड्यावर पाय ठेवला.

"माझ्या वखारीतून," मी म्हणालो. "मागच्या भिंतीला ओल आहे. तिथून लागली. तात्यांवर उगाच आळ घेतला."

हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडत होते आणि खोटे होते. चहावाला म्हणाला, "मग येवढं वरडत कशाला हुतात, वो?" कोणीतरी म्हणाले, "पुण्याची वाळवीबी इंग्लिश मिडियमची आसंल." हसणे बराच वेळ चालले. नाना हसला नाही. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी तोंड मिटून घेतले.

तेव्हा तात्या पुढे झाले. त्यांनी खांद्याचा रुमाल काढून हातावर टाकला आणि हात माझ्याकडे केला. माणसे लगेच गप्प झाली. रुमाल पडला की या भागात सगळे गप्प होतात. मी रुमालाखाली हात घातला. त्यांनी एकही बोट दाबले नाही. माझा पूर्ण हात मुठीत धरला आणि धरून राहिले. बैलबाजाराच्या भाषेत याला भाव नाही. मी बराच वेळ थांबलो, कारण लवकर हो म्हणणे माझ्या स्वभावात नाही. मग मान हलवली.

"झालं," तात्या म्हणाले.

परतीच्या वाटेवर मीच विषय काढला. नगरकडे माझ्या ओळखीत खवल्यांचा माल आहे, तुझ्या पार्टीकडून बरा भाव मिळेल असे वाटते, पण पार्टी कोण ते कळल्याशिवाय मी बोलणार नाही, असे सांगितले. घासाघीस माझा धंदाच आहे. बारामतीचे दिवे दिसेपर्यंत नानाने पार्टीचे नाव, गाव आणि मोबाइल नंबर सांगितला होता आणि आपण नफ्यात आहोत, अशी त्याची समजूत होती. तो उतरल्यावर मी ते सगळे सुवर्णाला कळवले. तिने वनखात्याच्या माणसाला दिले. पुढे काय झाले मला माहीत नाही. नाना अलीकडे जनावरांबद्दल बोलत नाही, एवढे ऐकतो.

लाकडाबद्दल मात्र बोलतो. मी पुण्यात पोचण्याआधी बातमी बाजारात पोचली होती, आणि ती वाढलेली होती: शेटच्या वखारीत वाळवी आहे, त्याने चारचौघांत कबूल केले आणि वर रुमालाखाली तात्यांना भरपाई दिली. रुमालाखाली काय झाले ते कोणी पाहिले नव्हते, त्यामुळे सर्वांना खात्री होती. तो सुतार हल्ली माझ्या तुळया दोनदा ठोकतो.

घरी बायकोने विचारले, "कबूल झाले का ते?"

"झाले."

"कोणासमोर?"

"माझ्यासमोर."

तिने माझ्या ओठाकडे पाहिले आणि हळद आणायला आत गेली. आरसा पाहिला तेव्हा कळले की ओठ चांगलाच सुजला होता. सगळ्या प्रवासात मी त्याच तोंडाने लोकांशी भांडलो होतो. त्या बिनदाताच्या जनावराने आपला सगळा व्यवहार तोंड न उघडता मिटवला. अर्थात त्याला वखार चालवायची नसते.

आता हे लिहिण्याचे कारण. ती वाळवी माझ्या वखारीतली नव्हती. माझ्या मागच्या भिंतीला ओल नाही आणि कधी नव्हती. हे एकदा कुठेतरी छापून यावे अशी माझी इच्छा होती, ते आले.

ज्यांना जाऊन खात्री करायची असेल त्यांच्यासाठी रस्ता पुन्हा सांगतो. सासवड, जेजुरी, नीरा, वडगाव निंबाळकर, बारामती, पिंपळी, कळस हे सगळे मी लिहिले त्याच क्रमाने लागते. त्यापुढे ओढा, बाभळी, चुलवण आणि मावळत यांपैकी जे जिथे लिहिले आहे ते तिथे नाही. तात्यांचे नाव किसन नाही. माझे रस्ते अचूक असतात ही ख्याती यापुढे राहणार नाही, पण एका प्रवासात दोन ख्याती गेल्या तर तिसरी जपण्यात अर्थ नसतो.

आणि गावात कोणी विचारलेच, तर तिकडे वाळवी नाही. तात्या तेच सांगतील. मीही.